हलके शरीर, लांब उडी आणि वाढीचे वय

आरोग्याच्या सदरात बर्फावरच्या उड्यांचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्या जिल्ह्यात बर्फ पाहायचा तर गोळेवाल्याच्या गाडीवर किंवा मासळी बाजारात. पण हिवाळी ऑलिंपिकची दृश्ये आता घरोघरी दिसतात आणि उंच उतारावरून घसरत येऊन हवेत झेपावणारी ती सडपातळ मुले पाहून बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, 'डॉक्टर, ही मुले इतकी किडकिडीत कशी?' प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही. लहान वयातील गुण हेरून त्यांना वळण लावताना मोठी माणसे मुलांच्या वाढीशी काय काय करतात, हे स्की जंपिंग या खेळाइतके उघडपणे दाखवणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. म्हणून आजचे सदर त्यासाठी.

प्रथम खेळ समजून घेऊ. उंच बांधलेल्या घसरणीवरून खेळाडू बसक्या अवस्थेत खाली येतो. मोठ्या टेकडीवर त्याचा वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास जातो. घसरणीच्या टोकाला जी कड असते तिथे त्याला पाय सरळ करून उसळी मारायची असते आणि त्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यानंतर चार-पाच सेकंद तो हवेवर अक्षरशः पालथा पडून राहतो. जमिनीपासून त्याची उंची फारशी नसते; उतार जसा खाली जातो तसा तोही खाली जातो. उतार तीव्र असल्यामुळेच उतरताना बसणारा दणका सोसवतो. उडी फार लांब गेली आणि तो उतार संपून सपाटीकडे पोहोचला, तर मात्र सगळा भार गुडघ्यांवर येतो. गुण अंतरासाठी मिळतात, तसेच पाच पंचांकडून शैलीसाठीही.

१९८० च्या दशकात यान बोक्लव्ह या स्वीडिश खेळाडूने फळ्या समांतर न ठेवता इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या फाकवून उडायला सुरुवात केली. पंचांनी त्याचे शैलीचे गुण कापले, तरी तो इतका लांब जाऊ लागला की १९८९ चा विश्वचषक त्यानेच जिंकला. काही वर्षांत सगळेच तसे उडू लागले. फाकवलेल्या फळ्यांखाली हवेचा आधार जास्त मिळतो. आधार वाढला तसे शरीराच्या वजनाचे महत्त्वही वाढले. आधार हवेचा आणि ओढ वजनाची, तेव्हा वजन कमी केले की उडी लांबते हे कळायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. प्रशिक्षकांना कळले, खेळाडूंना कळले आणि शेवटी मुलांनाही कळले. आरोग्याचा प्रश्न इथून सुरू होतो.

१९९० च्या दशकाअखेरीस या खेळातले तरुण पाहून डॉक्टरांना काळजी वाटू लागली. जर्मनीच्या स्वेन हानावाल्ड याने २००१-०२ च्या हंगामात 'चार टेकड्यांच्या' प्रसिद्ध स्पर्धेतील चारही उड्यांचे सामने जिंकले. असे करणारा तो पहिलाच. त्याच्या कृशपणाची तेव्हा वर्तमानपत्रांतून उघड चर्चा झाली. २००४ साली तो मनाने आणि शरीराने पुरता थकून रुग्णालयात दाखल झाला आणि २००५ मध्ये त्याने खेळ सोडला. या थकव्याचे कारण केवळ वजन होते असे मी म्हणणार नाही. रुग्णाला न तपासता निदान करू नये. पण एवढे दिसते की त्या काळात विजयाची किंमत शरीराकडून वसूल करण्याला कोणाचाच अटकाव नव्हता.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील जीवभौतिकशास्त्रज्ञ वोल्फ्राम म्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न लावून धरला आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २००४ पासून एक नियम आणला. मला तो फार आवडतो. खेळाडूचे वजन किलोत घ्यायचे आणि त्याला उंचीच्या मीटरमधील वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पोशाखासह हा आकडा ठराविक मर्यादेखाली गेला, तर खेळाडूला आखूड फळ्या वापराव्या लागतात. ही मर्यादा आधी २० होती, पुढे २१ झाली. १७५ सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूचे पोशाखासह वजन सुमारे ६४ किलो भरले, तर त्याला उंचीच्या १४५ टक्के, म्हणजे जवळजवळ २५४ सेंटिमीटर लांबीच्या फळ्या मिळतात. वजन त्याहून कमी भरले की फळी कापली जाते. फळी आखूड झाली म्हणजे हवेचा आधार घटला. उपाशी राहून जे मिळवायचे ते फळीत गमावायचे, असा हा हिशेब आहे.

आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे 'नीट जेवा' म्हणून सांगत असतो. सोळा वर्षांच्या मुलासमोर पदक ठेवले असेल तर आमचे कोण ऐकणार? उपाशी राहण्यातला फायदाच काढून घेतला तर उपदेशाची गरज निम्म्याने कमी होते. अर्थात नियम निर्दोष नाही. लांब पायांच्या माणसाचा आणि आखूड पायांच्या माणसाचा हा आकडा सारखाच आला तरी त्याचा अर्थ सारखा नसतो. म्हणूनच पायांची लांबी धरून वेगळे माप काढावे असे म्युलर यांनी सुचवले होते. शिवाय मर्यादा घातली की सगळे त्या मर्यादेच्या काठावर येऊन उभे राहतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. हा आकडा प्रौढांसाठी आहे. १५० सेंटिमीटर उंचीच्या बारा वर्षांच्या मुलाचे वजन ४० किलो असेल तर त्याचा आकडा १७.८ येतो आणि तो मुलगा पूर्ण निरोगी असतो. त्याला २१ वर आणायचे तर सव्वासत्तेचाळीस किलो वजन हवे! मुलांसाठी वयानुसार वाढीचे तक्ते असतात, एकच एक रेघ नसते. म्हणजे ज्या वयात शरीर सर्वांत नाजूक, त्या वयात प्रौढांचा हा उत्तम नियम जसाच्या तसा लावता येत नाही आणि मुलगा बारीक आहे की उपाशी आहे, हे ओळखण्याची जबाबदारी प्रशिक्षक, पालक आणि गावातला डॉक्टर यांच्यावरच येते.

या वयात शरीरात काय चाललेले असते ते पाहा. मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची तेरा-चौदाच्या सुमारास. एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर वाढ होणे यात काही वावगे नाही. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागते. त्याला पालक 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देतात आणि प्रशिक्षक आळस म्हणतात. काल जो मुलगा कडेवर नेमक्या क्षणी उसळी मारत होता, त्याचा आज तो क्षण चुकतो, कारण पाय लांब झाले, शरीराचा तोल सरकला, आणि मेंदूने जुन्या मापाने दिलेली आज्ञा आता जुळत नाही. मुलगा काही विसरलेला नसतो. त्याला नव्या शरीराची ओळख करून घ्यायला दीड-दोन वर्षे लागतात. नेमक्या याच काळात निवड चाचण्या घेतल्या जातात!

आणखी एक गंमत, किंवा दुर्दैव म्हणा. एकाच वर्षी जन्मलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांत हाडांच्या वयाने तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. कुस्तीत किंवा गोळाफेकीत लवकर वाढलेला मुलगा जिंकतो आणि उशिरा वाढणारा घरी बसतो. उड्यांच्या खेळात पुष्कळदा याच्या उलट होते: अजून वाढ न झालेला, हलका, बारीक मुलगा पुढे जातो आणि सगळे त्याला अलौकिक गुणाचा समजतात. मग तोही वाढतो.

फिनलंडच्या टोनी निमिनेनचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९९२ च्या अल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने मोठ्या टेकडीवरचे आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके आणि लहान टेकडीवरचे कांस्यपदक जिंकले. हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात इतक्या लहान वयात सुवर्णपदक मिळवणारा दुसरा पुरुष खेळाडू नाही. १९९४ मध्ये प्लानिका येथे दोनशे मीटरपलीकडे उडी मारून ती पायांवर उभा राहून पूर्ण करणारा तोच पहिला. पण १९९२ चा तो बहर त्याला पुन्हा आला नाही. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ पेटेर्का अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा झाला आणि मग त्याचीही घसरण सुरू झाली.

याउलट जपानचा नोरिआकी कासाई. १९७२ चा जन्म. तो १९९२ पासून २०१८ पर्यंत आठ हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१४ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. दोन-तीन उदाहरणांवरून सिद्धान्त बांधू नये, हे मलाही समजते. तरी सोळाव्या वर्षीची उडी म्हणजे त्या माणसाची अखेरची मोजणी नव्हे, एवढे तरी यातून मान्य व्हायला हरकत नाही. कासाई होक्काइदो बेटावरील शिमोकावा या गावचा. लोकवस्ती तीन-साडेतीन हजार, म्हणजे आपल्याकडचे एखादे बरेसे खेडे. त्या एवढ्याशा गावाने ताकानोबू ओकाबे, दाइकी इतो, युकी इतो असे एकामागून एक ऑलिंपिक खेळाडू दिले. गावातच लहान-मोठ्या टेकड्या आहेत, मुले शाळा सुटली की तिथे जातात आणि आधीच्या पिढीतले खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर असतात.

चांगली शिकवण कशी असते, हे सांगायला मला अधिक आनंद होतो. पाच-सात वर्षांचे मूल प्रथम साध्या स्कीवर घसरायला शिकते. मग पाच मीटर, दहा मीटर, पंधरा मीटर अशा टेकड्या. पुढची टेकडी कधी, हे वय ठरवत नाही. मूल न घाबरता आणि न डगमगता नीट उतरते का, यावर ते ठरते. पूर्व जर्मनीत ओबरहोफ येथे हान्स रेनर यांनी १९५४ साली शेवयांसारख्या लांब प्लॅस्टिक धाग्यांच्या चटया उतारावर अंथरल्या आणि त्यावर पाणी शिंपडून उन्हाळ्यातही उड्या मारता येतात हे दाखवले. तेव्हापासून हा खेळ बारमाही झाला. पण खरा सराव बर्फाविनाच होतो. मूल बसक्या अवस्थेतून पुढे झेप घेते आणि समोर उभा असलेला प्रशिक्षक त्याला दोन्ही हातांनी वरच्या वर झेलतो. असे शेकडो वेळा. शिवाय कोलांट्या, तोल सांभाळण्याचे खेळ, फुटबॉल, व्हॉलीबॉल. आपल्या मल्लखांबाच्या आखाड्यात ज्यांनी लहानपण घालवले आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल: आधी अंग मोकळे करा, पडायला शिका, मग उंचीवर जा.

ऑस्ट्रियात स्टाम्स येथे १९६७ पासून स्कीची निवासी शाळा आहे. तिथे शिकवणारे बाल्डूर प्राइमल १९७० च्या दशकात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी सकस आहार, मन शांत करण्याचे व्यायाम आणि कसरत या तिन्हींची सांगड घातली. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये मोठ्या टेकडीवरचे सुवर्ण आणि रौप्य दोन्ही त्यांच्या शिष्यांनी नेले. अन्न हा सरावाचाच भाग आहे, असे मानणारा प्रशिक्षक भेटणे ही भाग्याची गोष्ट आहे.

नॉर्वेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. तिथल्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी १९८७ मध्ये नियम केले आणि २००७ मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून पुन्हा मांडले. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमांक लावायचे नाहीत. तेरावे वर्ष लागेपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. हे ऐकून आपल्याकडचे पालक हसतील. पहिलीतल्या मुलाचाही वर्गात कितवा नंबर आला हे शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण हिवाळी खेळांत सर्वाधिक पदके मिळवणारा देश तोच आहे, हेही हसताना ध्यानात घ्यावे. नॉर्वेतही सर्व काही सोवळे आहे असे मात्र नव्हे. २०२५ च्या ट्रॉन्डहेम येथील जागतिक स्पर्धेत त्यांच्याच संघाच्या मोठ्या माणसांनी उडीच्या पोशाखात लबाडी केल्याचे उघड झाले आणि जगभर नाचक्की झाली.

पोलंडची कथा वेगळी. आदाम मालिश हा पेशाने छपरे घालणारा कारागीर. सुरुवातीच्या यशानंतर तो इतका मागे पडला की खेळ सोडण्याच्या बेतात होता. प्रशिक्षक अपोलोनिउश ताइनर यांनी येझी झोलॉन्ज हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि यान ब्लेहाश हे मानसशास्त्रज्ञ यांना सोबत घेतले आणि २००१ मध्ये मालिश विश्वविजेता झाला. पुढे आणखी तीनदा झाला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी कशाची चर्चा केली असेल? तो पाव आणि केळे खातो, याची! सारा देश पाव-केळ्याबद्दल बोलू लागला. पायांत स्फोटक शक्ती कशी आणली आणि डोक्यातली भीती कशी काढली, यात कोणाला गोडी वाटली नाही. आमच्या दवाखान्यातही हेच अनुभवास येते. 'डॉक्टर, अमुक खाल्ले की मुलगा उंच होईल ना?' या प्रश्नाला मी आता कंटाळलो आहे. केळे उत्तम फळ आहे. पण वाढत्या वयातल्या खेळाडू मुलाला पोटभर भाकरी-पोळी, डाळी-उसळी, दूध-दही, जमत असेल त्यांना अंडी-मासे आणि रात्रीची नऊ तास झोप यांना पर्याय नाही. पोलंडने मात्र एक शहाणपणा केला. मालिश खेळत असतानाच, २००४ मध्ये, त्याच्या वारसदारांच्या शोधासाठी लहान मुलांच्या स्पर्धांची मालिका सुरू केली; पदक मिळवणारा निवृत्त होईपर्यंत वाट पाहिली नाही.

आता मुलींविषयी. या खेळाने मुलींना जितके दिवस दाराबाहेर ठेवले तितके क्वचितच कोणी ठेवले असेल. पुरुषांच्या उड्या १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहेत, स्त्रियांच्या २०१४ पासून. २००५ साली महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी, जान फ्रांको कास्पर यांनी, उडीनंतरचे दणके वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांना योग्य नाहीत, अशा अर्थाचे विधान केले होते. डॉक्टर म्हणून मला याचा संताप येतो. कुठलाही पुरावा नसताना वैद्यकशास्त्राचे नाव पुढे करून दार बंद करणे ही फार जुनी युक्ती आहे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लहान टेकडीवर अमेरिकेच्या लिंडसी व्हॅन हिने स्त्री-पुरुष सर्वांत लांब उडीचा विक्रम केला होता आणि त्याच टेकडीवर ऑलिंपिकमध्ये तिला उडी मारता आली नाही. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मुलींची मोठ्या टेकडीवरची वैयक्तिक स्पर्धा प्रथमच घेण्यात आली. दरम्यान २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हत्स हिने २३६ मीटर उडी मारली आणि त्याच महिन्यात तिचा भाऊ दोमेन याने २५४.५ मीटरचा विक्रम केला. दणका योग्य की अयोग्य, हे आता कोणी विचारत नाही.

दार उघडले, पण वजनाचा काच आता मुलींच्या वाट्यालाही आला. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते. ते वाढलेच पाहिजे. तो निसर्गाचा बेत आहे. हलकेपणावर उभ्या असलेल्या खेळात हा बेत शत्रू ठरतो. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर काटकसर करते. प्रथम पाळी थांबते, मग हाडांत चुना भरायचा थांबतो, वरचेवर सर्दी-ताप येतो, मुलगी चिडचिडी होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांनाही होते हे स्पष्ट केले. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत जमते. तोपर्यंत जे जमले नाही ते पुढे औषधांनी भरून निघत नाही.

म्हणून नॉर्वेच्या मारेन लुंडबी हिच्याविषयी मला फार आदर वाटतो. ही २०१८ ची ऑलिंपिक सुवर्णविजेती आणि पुढे जगज्जेती. २०२१ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले, की माझे शरीर बदलले आहे, वजन वाढले आहे आणि ते उतरवण्यासाठी टोकाचे उपाय करायला मी तयार नाही. म्हणून येत्या ऑलिंपिकमध्ये मी उडी मारणार नाही. सुवर्णपदक राखण्याची संधी तिने अशी सोडली. कितीएक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी ते ऐकले असेल.

आपल्याकडे बर्फ नाही, पण वजनकाटा आहे. शालेय कुस्ती स्पर्धांच्या आधी दोन-दोन दिवस पाणी सोडलेली, स्वेटर घालून उन्हात पळवलेली मुले माझ्याकडे येतात. ओठ सुकलेले, लघवी गडद पिवळी, नाडी जलद. खालच्या गटात खेळवले की पदक नक्की, आणि पदक मिळाले की दहावीला वाढीव गुण, असा हिशेब घरच्यांनी मांडलेला असतो. मी वस्तादांशी बोलतो तेव्हा ते म्हणतात, 'आम्हीही असेच केले, काय झाले आम्हाला?' त्यांचे गुडघे आणि त्यांचा रक्तदाब मला माहीत असतो, म्हणून मी गप्प बसत नाही. मूल ज्या वजनाचे आहे त्याच गटात खेळवा आणि वजन स्पर्धेच्या दिवशी नव्हे तर हंगामाच्या सुरुवातीला घेऊन गट तेव्हाच ठरवा, ही माझी तालुका आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना मागणी आहे. उड्यांच्या खेळाने फळी कापून जे साधले, ते आपल्याला एका तारखेच्या बदलाने साधता येईल.

आपला मुलगा किंवा मुलगी कोणत्याही खेळात असो, दर तीन महिन्यांनी तिची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने नोंदवा आणि वजन वहीत लिहा. उंची वाढत असताना वजन घटले किंवा जागच्या जागी राहिले, मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, पायाच्या एकाच जागी हाड दाबल्यावर दोन आठवड्यांहून अधिक दुखत राहिले, किंवा मूल घरच्यांबरोबर जेवायला बसायचे टाळू लागले, तर सराव थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. येताना ती वही सोबत आणा.